प्रशिक्षणाच्या नोंदींसाठी सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?

कृषि विस्ताराच्या कार्यात प्रशिक्षणाचे स्थान पहिले आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून गावात जाणाऱ्या कर्मचाऱ्याला आधी शिकवावे आणि मग त्याने शेतकऱ्याला शिकवावे, हा क्रम चालत आला आहे. १९७० नंतरच्या दशकात आलेल्या प्रशिक्षण व भेट पद्धतीत तर हा क्रम पंधरवड्याच्या वेळापत्रकात बांधून दिलेला होता. पद्धती बदलल्या, तरी एक प्रश्न प्रत्येक वेळी शिल्लक राहिला. कोणाला काय शिकविले आणि कोणाला काय शिकवावयाचे राहिले, हे कार्यालयाला कसे समजावे?

आता ह्या नोंदी संगणकावर ठेवण्याचा विचार सर्वत्र होत आहे. त्यासाठी अनेक प्रकारची सॉफ्टवेअरे मिळतात. पडद्यावर रंगीत आलेख दिसतात आणि किती वर्ग झाले, किती लोक आले, ह्याचे आकडे क्षणात पुढे येतात. जव्हार आणि मोखाडा ह्या तालुक्यांपुरते बोलावयाचे, तर अशा आकड्यांचा उपयोग थोडा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे सॉफ्टवेअरची कसोटी एकच असावी. मे महिन्याच्या मध्यास, पेरणी तोंडावर आलेली असताना, कोणत्या पाड्यावर कोणाला कोणती गोष्ट अद्याप शिकविली गेलेली नाही, हे ते सांगू शकते काय?

कीर्द आणि खतावणी

आपल्या प्रशिक्षण नोंदवह्या बहुधा कार्यक्रमांच्या असतात. तारीख, ठिकाण, विषय, खर्च आणि उपस्थितांच्या सह्या, एवढे त्यांत असते. दुकानदाराच्या भाषेत सांगावयाचे, तर ही रोजची कीर्द झाली. कीर्द आवश्यक आहेच. परंतु एकेका गिऱ्हाइकाचा हिशेब पाहावयाचा, तर खतावणी लागते. प्रशिक्षणाची खतावणी, म्हणजे माणसागणिक पान, आपल्याकडे क्वचितच आढळते.

हिची उणीव बदलीच्या वेळी भासते. समजा, एखादा कर्मचारी विदर्भातील कापसाच्या मुलखातून मोखाड्यास आला. कापसावरील किडींचे त्याला उत्तम ज्ञान असेल. परंतु येथे त्याची गाठ पडते ती वरकस जमिनीवरील नागली-वरीशी, खुरासणीशी, राब भाजून केलेल्या भाताच्या रोपवाटिकेशी आणि जव्हारच्या मोगऱ्याशी. त्याच्या पूर्वीच्या प्रशिक्षणाचे कागद जुन्या कार्यालयात राहतात. नव्या कार्यालयाला त्याला काय येते हे ठाऊक नसते आणि काय येत नाही हेही ठाऊक नसते. परिणामी झालेल्या विषयाला तो पुन्हा पाठविला जातो आणि नागलीच्या रोप लावणीचा वर्ग मात्र त्याच्यावाचून पार पडतो. ह्याची झळ त्याला बसत नाही. ती त्या वर्षी त्याच्यावर विसंबलेल्या शेतकऱ्याला बसते.

म्हणून नोंद माणसाच्या नावावर उभी असावी आणि बदलीबरोबर ती त्याच्यामागून जावी. तसेच केवळ उपस्थिती पुरेशी नाही. भात बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया हा साधा विषय घ्या. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावे, तरंगणारे पोचट बी काढून टाकावे, तळाशी बसलेले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत सुकवावे. हे ऐकणे वेगळे, स्वतःच्या हाताने करणे वेगळे आणि दुसऱ्यास करून दाखविणे वेगळे. ऐकले, केले, शिकविले, असे तीन रकाने ज्या नोंदीत नाहीत, ती नोंद अपुरी समजावी.

पाड्यावरील पाच कसोट्या

पहिली कसोटी मोबाईलच्या लहरींची. ह्या डोंगरी तालुक्यांत असे पाडे आहेत, की जेथे फोनला आवाज मिळत नाही. जे सॉफ्टवेअर इंटरनेटवाचून उघडत नाही, ते येथे कुचकामाचे. पाड्यावर भरलेली माहिती फोनमध्ये साठावी आणि तालुक्याच्या गावी आल्यावर पुढे जावी, अशी सोय हवी. ओडीके आणि कोबो ही साधने अशा रीतीने चालतात.

दुसरी कसोटी मराठीची. सर्व मजकूर युनिकोड मराठीत असावा. जुन्या खाजगी फाँटमध्ये टंकलिखित केलेल्या याद्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या, की नुसती निरर्थक चिन्हे दिसतात, हा अनुभव अनेक कार्यालयांना आहे. शिवाय एकाच गावात एकाच नावाची चार माणसे निघतात. म्हणून नावाबरोबर पाडा आणि वडिलांचे वा पतीचे नाव घेण्याची सोय असावी.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. ज्यांचे नाव जमिनीच्या कागदावर नाही, त्यांची नोंद होते काय? १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषि योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे. हा क्रमांक प्रामुख्याने जमिनीच्या अभिलेखाशी जोडलेला आहे. प्रशिक्षणाच्या नोंदीतही तो सक्तीचा केला, तर शेतात लावणी करणारी स्त्री गळते, कारण सातबारा तिच्या नावाचा नसतो. दुसऱ्याची जमीन कसणारा गळतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्याचा निकाल न लागलेला कसणाराही गळण्याचा संभव असतो. क्रमांक असेल तर लिहावा, नसेल तर माणूस वगळू नये.

येथेच स्थलांतराचाही विचार करावा लागतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामावर भिवंडी, वसईकडे जातात आणि पावसाच्या तोंडी परततात. हिवाळ्यात भरविलेल्या वर्गांत दर वर्षी तीच ती नावे का येतात, ह्याचे उत्तर त्यात आहे. कोण गावी नव्हता, हे नोंदीवरून कळले, तर त्याच्यासाठी जूनपूर्वी एक दिवस काढता येतो.

चौथी कसोटी मालकीची. करार संपला, अथवा पुरवठादार बदलला, तर आपली सर्व माहिती साध्या तक्त्याच्या रूपात परत मिळाली पाहिजे. ह्याचे उत्तर खरेदीपूर्वी लेखी घ्यावे आणि एकदा प्रत्यक्ष करवून पाहावे.

पाचवी कसोटी श्रमाची. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने मिशन कर्मयोगीस मान्यता दिली आणि आयगॉट कर्मयोगी ह्या व्यासपीठावरील अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे कर्मचाऱ्यांना तेथेच मिळतात. तीच माहिती पुन्हा हाताने भरावयास लावणारी व्यवस्था नको. मात्र पडद्यावर पाहिलेला पाठ आणि कोसबाडच्या कृषि विज्ञान केंद्रात किंवा शेताच्या बांधावर हाताने केलेले काम, ही एका मापाने मोजू नयेत. तसेच आधार क्रमांकासारखी गरज नसलेली माहिती गोळा करू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालेला आहे, ह्याचे भान असावे.

मोठे की साधे?

संपूर्ण राज्याला एकच मोठी व्यवस्था असावी, असे काही सहकारी म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बदलीबरोबर नोंद जावी, ह्यासाठी विषयांची नावे व संकेतांक राज्यभर सारखे असणे इष्टच आहे. मूडलसारखे २००२ पासून विनामूल्य उपलब्ध असलेले सॉफ्टवेअर जेथे पाठ आणि चाचण्या संगणकावरच द्यावयाच्या आहेत, तेथे उपयोगी पडेल. परंतु एका तालुक्यातील कर्मचारी मोजके असतात. त्यांची खतावणी प्रथम साध्या तक्त्यात एक खरीप हंगाम चालवावी. कोणते रकाने लागतात आणि कोणते रिकामेच राहतात, हे त्यातून कळेल, आणि मगच खरेदीचा विचार करावा. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. नोंदवहीतच जे लिहिलेले नाही, ते महागडे सॉफ्टवेअर कोठून आणणार?

आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. संगणकाने डोकी मोजणे सोपे होते, तसे ती फुगविणेही सोपे होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. सुरक्षित फवारणीच्या वर्गात मालकाची सही झाली, पण पंप ज्याच्या पाठीवर असतो तो मजूर वर्गात नव्हता, तर त्या सहीने कोणाचेही रक्षण होत नाही. मोगऱ्याच्या बागांतही हेच लागू आहे. नोंद खरी असणे, हा येथे जिवाचा प्रश्न ठरतो.

म्हणून ग्रामपातळीवरील सहकाऱ्यांना विनंती, की सॉफ्टवेअरची निवड केवळ वरिष्ठांचे काम समजू नये. नमुना दाखविण्यास कोणी आले, तर त्याला सभागृहात न बसविता फोनला लहर न मिळणाऱ्या एखाद्या पाड्यावर न्यावे, तेथे दहा माणसांची नोंद करावयास लावावी आणि त्यांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्यात. वरिष्ठांनी त्या दिवसाचा अहवाल पाहिल्यावाचून खरेदीची टिपणी पुढे पाठवू नये. शेतकरी बंधुभगिनींनीही वर्गास आल्यावर केवळ सही करून परतू नये. आपल्या नावापुढे काय लिहिले, हे वाचून घ्यावे आणि जे हाताने करून पाहिले नाही, ते केले म्हणून लिहू देऊ नये.