सोळा खुणांचा पाऊस

२००२ चा पावसाळा आठवतोय? हवामान खात्याचं भाकीत होतं सरासरीच्या १०१ टक्के पावसाचं. पडला ८१ टक्के! जुलैत तर निम्माच झाला.

भाकिताचं सूत्र काही साधंसुधं नव्हतं. डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी तयार केलेलं हे सूत्र १९८८ पासून वापरात होतं. वारे, हवेचा दाब, तापमान, हिमालयातला बर्फ अशा तब्बल सोळा खुणा ते पाही. चौदा वर्षं त्याची वाहवा झाली. गंमत अशी, की त्या चौदा वर्षांत देशव्यापी दुष्काळ पडलाच नव्हता. म्हणजे खरी परीक्षा झालीच नव्हती!

त्याच २००२ मध्ये डेलसोल आणि शुक्ला या अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की दोन-तीनच खुणांची सूत्रं जास्त खुणांच्या सूत्रांपेक्षा सरासरीने बरं भाकीत करतात. असं का व्हावं? मुलांचा गणवेश शिवायला टाकताना आपण शिंप्याला 'वाढत्या अंगाचा शिवा' म्हणून बजावतो. आज अगदी मापात बसणारा सदरा वर्षभरात उसवणार, हे ठाऊक असतं. सूत्रात खुणा वाढवाव्यात, तसं ते मागच्या वर्षांना चपखल बसतं, पण योगायोगांसकट. पुढच्या वर्षाचं माप वेगळंच निघतं. बंगळुरूतले कॉम्प्युटर इंजिनियर याला 'ओव्हरफिटिंग' म्हणतात. यंत्राला मांजर ओळखायला शिकवायचं तर लाखो फोटो मिळतात, तिथे गुंतागुंत खपून जाते. पावसाळा मात्र वर्षाला एकच. शंभर वर्षांच्या नोंदी म्हणजे अवघी शंभर उदाहरणं!

खात्याने २००३ मध्ये खुणा आठ-दहावर आणल्या. तरी २००४ चं भाकीत फसलंच. नुसत्या काटछाटीने पाऊस कळत नाही, हेही खरं. मग बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसह १९३२ पासूनची भाकितं तपासली. सूत्रं बदलत गेली, अचूकता काही वाढली नव्हती, असा निष्कर्ष त्यांनी २००५ मध्ये मांडला. २००७ पासून खातं पाच-सहा खुणांवर आलं.

मूळच्या पुण्याच्या गाडगीळबाई २०२५ मध्ये गेल्या. देशाची सरासरी घेऊन कोरडवाहू शेतकरी करणार काय? म्हणून त्यांनी भुईमुगाच्या शेतकऱ्यांसाठी त्या भागातल्या पावसाच्या जुन्या नोंदी काढल्या आणि एकच प्रश्न धरला: पेरणी कधी करावी?