पंधराव्या वर्षाला मराठीत जागा द्या

प्रकाशक, दिवाळी अंकांचे संपादक, मुख्याध्यापक, ग्रंथपाल आणि पालक यांच्यासाठी जाहीर पत्रक

१८५५ साली 'ज्ञानोदय'ने पुण्यातल्या एका चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापला. तिचं नाव मुक्ता साळवे. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने ना धर्माला सोडलं, ना पेशवाईला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हालही तिने लिहून ठेवले. संपादकांनी तिचं वय पाहून कागद परत पाठवला नाही. आज मराठीतल्या दलित लेखनाचा किंवा स्त्रियांच्या लेखनाचा इतिहास सांगायचा, तर तिच्या नावापासूनच सुरुवात करावी लागते.

बीड जिल्ह्यातली नववीतली एखादी मुलगी आज तेवढंच धारदार काही लिहून बसली असेल. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, धाकट्या भावाला सांभाळत ती आजीजवळ राहिलेली, आणि घरात तिच्या लग्नाची कुजबुज सुरू झालेली. तिने ते लिखाण कुठे पाठवायचं? या प्रश्नाला उत्तर मिळावं म्हणून हे पत्रक काढलं आहे.

जे काम करत आहेत त्यांचं ऋण आधी मान्य करतो. बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून निघतं आहे. 'छात्र प्रबोधन' आहे, 'वयम्' आहे, 'साधना'चा बालकुमार दिवाळी अंक आहे. तुटपुंज्या साधनांवर ही माणसं नेटाने काम करतात. पण सबंध महाराष्ट्रातल्या तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींचा भार या चार-पाच खांद्यांवर टाकून बाकीचं साहित्यविश्व मोकळं झालं आहे, आणि आमची तक्रार त्या बाकीच्यांविषयी आहे.

सहावी-सातवीपर्यंत मराठी मुलाला वाचायला बरंच काही मिळतं. माधुरी पुरंदऱ्यांच्या चित्रांत आणि शब्दांत वाढलेली मुलं आपण पाहतो. पुढे आवाज फुटतो, पाळी येते, वर्गातल्या कुणाकडे तरी पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटू लागतं, बापाशी खटके उडू लागतात. नेमक्या त्याच वयात आपल्या दुकानातलं आणि ग्रंथालयातलं कपाट रिकामं होतं. एका बाजूला परीकथा आणि थोरांची चरित्रं, दुसऱ्या बाजूला मोठ्यांच्या कादंबऱ्या, मधे काही नाही. मग ज्याला इंग्रजी जमतं तो हॅरी पॉटरकडे जातो आणि तिथेच राहतो. ज्याला जमत नाही तो वाचणंच सोडतो. याचं खापर मोबाइलवर फोडणं सोपं आहे. पण ज्या घरात मोबाइल पोचला त्याच घरात पंधरा वर्षांच्या वाचकासाठी नवी मराठी कादंबरी किती वेळा पोचली, हे कुणी विचारत नाही.

मराठीला हे कधी जमलंच नाही असं नाही. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्यात शिकायला आणला आणि त्याच्या हाती सायकल दिली. तो ज्या रस्त्यांवरून जायचा ते रस्ते वाचकाच्या ओळखीचे होते, म्हणून तो वाचकाला आपला वाटला. पण त्याच्यासोबत धावणारी मुलं आज आजी-आजोबा झाली आहेत, आणि नातवंडांच्या हाती आपण अजून तोच फास्टर फेणे देतो. त्याने ही पोकळी आणखी किती वर्षं एकट्याने भरून काढायची?

त्यानंतर या वयावर मराठीत जे उत्तम लिहिलं गेलं, ते आठवणीतून लिहिलं गेलं. प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे. मिलिंद बोकीलांची २००४ सालची 'शाळा' आहे. 'शाळा' नववी-दहावीच्या मुलांनी मिळेल तिथून वाचली, कारण त्यांना स्वतःबद्दल खरं सांगणारं पुस्तक हवंच होतं. पण तिच्यातला काळ आणीबाणीचा आहे. आजच्या मुलाचा दिवस सकाळच्या क्लासने सुरू होतो. लातूरला खोली घेऊन नीटची तयारी करणारा सोळा वर्षांचा मुलगा, आश्रमशाळेतून सुटीत घरी जाणारी नंदुरबारची मुलगी, डोंबिवलीची लोकल पकडणारी अकरावीतली पोरं, ज्यांचं भांडण इन्स्टाग्रामवर सुरू होऊन वर्गात हाणामारीवर येतं ती मुलं, हे सगळे मराठीच बोलतात. त्यांच्या कादंबऱ्या कुठे आहेत? सिनेमाने ही वाट ओळखली. 'फँड्री'तला जब्या २०१४ साली थिएटरात आला आणि सगळा महाराष्ट्र त्याच्याकडे बघत राहिला. पुस्तकांच्या जगाला मात्र त्याच्या वयाचा वाचक अजून दिसत नाही.

बंगालीत काय झालं ते पाहा. सत्यजित राय चित्रपटांमुळे जगभर गाजत असताना १९६१ साली त्यांनी आजोबांनी सुरू केलेलं 'संदेश' हे मुलांचं मासिक पुन्हा काढलं आणि १९६५ साली त्यात फेलूदा आणला. सुनील गंगोपाध्याय मोठ्यांच्या कादंबऱ्या लिहीत होते आणि मुलांसाठी काकाबाबूही लिहीत होते. मुलांसाठी लिहिल्याने आपला दर्जा उतरतो असं त्यांना वाटलं नाही. आमच्याकडे विंदा आणि पाडगावकरांनी लहान मुलांसाठी मनापासून कविता लिहिल्या, पण पंधराव्या वर्षासाठी कादंबरी लिहायला आमचे नामवंत कथाकार बसत नाहीत. त्यांना आमची कळकळीची विनंती आहे: एक तरी लिहा, आणि ती बोधासाठी लिहू नका. या वयाच्या वाचकाला उपदेशाचा वास पहिल्या पानावरच येतो.

आता लिहिण्याबद्दल. शाळेत मुलांकडून लिहून घेतलं जातं ते गुणांसाठी. मुद्द्यांवरून कथा, तिला शीर्षक, शेवटी तात्पर्य. आत्मकथन फाटक्या पुस्तकाचं किंवा जुन्या झाडाचं, तेही गाइडमधून पाठ केलेलं. ज्या मुलाने दहा वर्षं स्वतःच्या मनातली एकही गोष्ट मराठीत लिहिली नाही, त्याने पुढे मराठी वाचावी अशी अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो? एके काळी शाळाशाळांतून हस्तलिखित निघायचं. सुंदर अक्षराची मुलं बोरूने लिहायची, कुणी चित्रं काढायचं, भांडणं व्हायची, आणि त्या भांडणांतून संपादक घडायचे. आज बहुतेक ठिकाणी त्याची जागा रंगीत वार्षिकांकाने घेतली आहे, आणि त्यात मुलांच्या लेखनापेक्षा पाहुण्यांचे सत्कार जास्त असतात.

ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात एस. ई. हिंटन या मुलीला आपल्या वयाचं खरं पुस्तक सापडेना, म्हणून तिने शाळेत असतानाच स्वतः लिहायला घेतलं. 'द आउटसायडर्स' १९६७ साली प्रसिद्ध झालं आणि आजही शाळांमधून वाचलं जातं. तिच्या वयाकडे न पाहता तिचं हस्तलिखित वाचणारं कुणीतरी तिथे होतं. आपल्याकडची मुलं आज प्रतिलिपीसारख्या ॲपवर मराठीत भरभरून लिहितात. तिथे वाचक मिळतो, पण वाक्यावर हात ठेवून 'हे पुन्हा लिही' म्हणणारा संपादक मिळत नाही.

म्हणून आम्ही मागतो आहोत. मराठी दिवाळी अंकांची परंपरा १९०९च्या 'मनोरंजन'पासूनची आहे. दर वर्षी शेकडो अंक निघतात. प्रत्येकाने निदान सोळा पानं तेरा ते सतरा वर्षांच्या लेखकांसाठी राखावीत. कौतुक म्हणून मागे टाकलेली पानं नकोत. मोठ्यांच्या कथेइतकंच कसून संपादन आणि ठरलेलं मानधन हवं, रक्कम लहान असली तरी चालेल. स्पर्धा घ्यायच्या तर लेखकाचं नाव झाकून घ्या. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली विज्ञानकथा टोपणनावाने पाठवली होती, निकाल नावावर नव्हे तर कथेवर लागावा म्हणून. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलालाही तीच संधी हवी, कारण शहरातल्या नामांकित शाळेचं नाव अर्जावर दिसलं की परीक्षकाची नजर बदलते.

प्रकाशकांनी दर वर्षी या वयासाठी एक तरी नवी कादंबरी काढावी, आणि छापण्याआधी तिचं हस्तलिखित नववीच्या पाच मुलांना वाचायला द्यावं. ती मुलं जिथे थांबतील तिथे लेखकाने पुन्हा बसावं. अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांनी बालविभागापासून वेगळं, या वाचकांचं स्वतःचं कपाट ठेवावं, आणि त्यात कोणती पुस्तकं घ्यायची हे ठरवायला याच वयाची मुलं बोलवावीत. मुख्याध्यापकांनी १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला भाषणं ठेवण्याऐवजी हस्तलिखिताचा अंक काढावा. त्यात शिक्षकांनी फक्त शुद्धलेखन तपासावं, विषय तपासू नयेत.

पालकांना एकच सांगणं. मुलीची वही तिच्या परवानगीशिवाय उघडू नका. ती स्वतः पुढे करील तेव्हा पूर्ण वाचा, आणि अभ्यासाचं काय झालं हे त्या दिवशी विचारू नका.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव आषाढात सुरू होते. संपादकांनी पानांचा निर्णय त्याआधी घ्यावा आणि 'तेरा ते सतरा वयाच्या लेखकांकडून साहित्य मागवत आहोत' असं निवेदन आपल्या अंकात, वर्तमानपत्रात आणि शाळांच्या सूचनाफलकांवर लावावं. ज्यांना हे पटलं त्यांनी या पत्रकाच्या प्रती काढाव्यात. एक गावच्या ग्रंथालयात द्यावी, एक जवळच्या शाळेत, आणि एक आपल्या ओळखीच्या एखाद्या संपादकाच्या हातात.