यीस्टवर कशाला पैसे घालवायचे?

हॉस्टेलवर बादलीत हीटरचा रॉड टाकून पाणी तापवणाऱ्या तमाम बांधवांनो (रेक्टर सरांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजू या), रॉडवर जो पांढरा थर धरतो ना, त्यात मुख्यतः बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम असतं. आपण तो चमच्याने खरवडतो आणि बोअरला शिव्या घालतो. पण त्याच कॅल्शियमवर काम करणाऱ्या आमच्या ब्रँचच्या एका ताईमुळे हा लेख लिहायला बसलो.

ताई पास आऊट होऊन एका लॅबमध्ये प्रोजेक्टवर लागली. विषय : यीस्ट आणि माणसाच्या पेशी कॅल्शियमच्या मदतीने निरोप कसे पोचवतात. मागच्या दिवाळीत भेटली तेव्हा पाच महिने तिची फेलोशिप जमा झाली नव्हती. मेसमध्ये हे सांगितलं तर एकजण म्हणाला, "बरोबरच आहे! यीस्टवर कशाला पैसे घालवायचे? कॅन्सरवर घाला की." सगळे हसले. मीही हसलो, कारण तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देतो.

१८८० च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर हे डॉक्टर बेडकाचं काढलेलं हृदय मिठाच्या द्रावणात चालू ठेवायचे. द्रावण नळाच्या पाण्यात केलं तर हृदय धडधडायचं, शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात केलं की बंद पडायचं. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा! आज आपल्याला माहीत आहे की पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १० हजार पट जास्त असतं. धरणाचं दार किंचित उघडावं तसं थोडं कॅल्शियम आत येतं आणि पेशीला निरोप मिळतो. स्नायू आकसतो, मज्जापेशी पुढच्या पेशीला खबर देते. पावातल्या यीस्टमध्येही हीच पद्धत आहे, आणि बरेचसे पार्टही तेच.

पण खरी गंमत जो पार्ट यीस्टमध्ये नाही त्याची आहे. आपल्या पेशीतले मायटोकाँड्रिया कॅल्शियम आत ओढून घेतात हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं. कोणत्या प्रोटीनमधून, ते मात्र जवळजवळ ५० वर्षं कुणाला सापडेना. शेवटी शास्त्रज्ञांनी आपण वर्कशॉपमध्ये करतो तेच केलं. दोन मशीनपैकी एक चालतं, एक चालत नाही, मग पार्टलिस्ट जुळवून बघा! आपल्या मायटोकाँड्रियाला हे जमतं, ट्रिपॅनोसोम नावाच्या एकपेशीय परजीवीला जमतं, यीस्टला जमत नाही. मग पहिल्या दोघांत असलेलं आणि यीस्टमध्ये नसलेलं काय? या वाटेने २०१० मध्ये एमआयसीयू-१ सापडलं आणि २०११ मध्ये दोन गटांनी खुद्द ते दार, म्हणजे एमसीयू, ओळखलं. २०१४ मध्ये माणसाची दोन प्रोटीनं यीस्टमध्ये बसवली, तर यीस्टचे मायटोकाँड्रियाही कॅल्शियम ओढू लागले. त्याच वर्षी काही मुलांच्या स्नायूंच्या आणि मेंदूच्या आजाराचं मूळ एमआयसीयू-१ च्या बिघाडात सापडलं.

आता सांगा, १९९० साली यीस्टवर काम करणाऱ्याला फॉर्मवर 'अपेक्षित उपयोग' या रकान्यात हे लिहिता आलं असतं का?

सगळ्याच प्रोजेक्टमधून असं काही निघतं का? नाही. बऱ्याचशांतून एखादा छोटा पेपर निघतो, काहींतून तोही नाही. पैसा जनतेचा आहे, हिशेब मागायलाच हवा. पण काम नीट केलं का, याचा मागा. तीन वर्षांत औषध कुठे आहे, असं विचारू नका.

आपला देश संशोधनावर जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो (२०२०-२१ चा आकडा). २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. पाच वर्षांत ५० हजार कोटींचं उद्दिष्ट ठरलं, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून येईल असं गृहीत धरलं. २०२५ मध्ये १ लाख कोटींची आरडीआय योजना मंजूर झाली. ती मुख्यतः खासगी क्षेत्रासाठी आणि तंत्रज्ञान-तयारीच्या चौथ्या पायरीपासून पुढच्या कामांसाठी आहे. चांगलंच आहे, त्यातून आपल्यालाच नोकऱ्या मिळतील! पण पहिल्या पायरीचं काय? यीस्टमधल्या कॅल्शियमसाठी कुठली कंपनी चेक फाडेल? तिथे सरकारच हवं, आणि रक्कम वेळेवर हवी. ज्युनियर फेलोशिप २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, पण कागदावरच्या आकड्यातून खोलीभाडं भरता येत नाही.

सर आणि मॅडम लोकांना एक विनंती. फायनल इयरच्या प्रोजेक्टला 'एंड यूजर कोण?' हा पहिला प्रश्न असतो. दहातल्या एका ग्रुपला तरी तो माफ करा. नुसतं 'हे असं का होतं?' एवढंच शोधू द्या.

ताईचे पैसे मार्चमध्ये एकरकमी आले. तोवर तिने आयटीतली ऑफर घेतली होती. तिचे यीस्टचे स्ट्रेन लॅबच्या फ्रीजरमध्ये उणे ८० अंशांवर आहेत. ते वर्षानुवर्षं टिकतात. पुढचं काम करायला ताई मात्र आता तिथे नाही.