पूर्ण-अपूर्णाचा मंत्र

रशियन शिकवणाऱ्या अनेक पुस्तकांत क्रियापदाचा धडा एका मंत्राने सुरू होतो: काम संपले की पूर्ण रूप, संपले नसले की अपूर्ण. हा मंत्र निव्वळ दिशाभूल करणारा आहे. तो घोकता घोकता रशियनला रामराम ठोकलेली हुशार मुले मी पाहिली आहेत.

टॉलस्टॉयचे 'युद्ध आणि शांती' वाचले आहेस का, असे रशियन माणूस मित्राला विचारतो तेव्हा तो 'चिताल' हे अपूर्ण रूप वापरतो. मित्राने ती हजारावर पाने अथपासून इतिपर्यंत वाचलेली असली तरी! त्याला एवढेच हवे असते, की हा अनुभव गाठीशी आहे की नाही. उसने नेलेले पुस्तक वाचून झाले का, अशी चौकशी असेल तर मात्र 'प्रचिताल'. पुस्तक तेच, वाचणे तेच. बदलली ती बोलणाऱ्याची नजर. रशियन व्याकरणात या भेदाला 'वीद' म्हणतात, आणि रोजच्या बोलण्यात 'वीद' म्हणजे देखावा.

परीक्षेचेच घ्या ना. 'स्दावाल' म्हणजे परीक्षेला बसला, 'स्दाल' म्हणजे उत्तीर्ण झाला. पेपर तर दोघांचाही संपला, हो!

मग अडते कुठे? इंग्रजी काळांचे कप्पे मांडून आम्ही त्यांत रशियन क्रियापदे कोंबतो, हे माझे खरे गाऱ्हाणे. वास्तविक 'लाडू खाल्ले' आणि 'लाडू खाऊन टाकले' यांतला फरक आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही कळतो. दुसऱ्या वाक्यानंतर फराळाचा डबा रिकामा असतो. हे आणि रशियन एकच, असे नव्हे. आमच्या 'टाकण्या'त थोडा राग, थोडी घाईही मिसळते, आणि ते वापरणे न वापरणे आमच्या मर्जीवर. रशियनाला ती मोकळीक नाही. क्रियापद उच्चारायचे तर बहुतेक वेळा दोहोंतले एक रूप निवडावेच लागते. पण शिकवणाऱ्याने सुरुवात लाडवापासून केली, तर निम्मी वाट सरते.

नकारात तर मौजच आहे. धावू नको, उशीर करू नको, ही मनाई रशियनमध्ये अपूर्ण रूपात होते. झाडावर चढलेल्या मुलाला मात्र आई 'नि उपादी' असे पूर्ण रूपात ओरडते. धावणे मुलाच्या हातात असते, पडणे नसते. आमची आई तरी त्या क्षणी 'पडू नकोस' असा हुकूम कुठे सोडते? ती म्हणते, "अरे, पडशील!"