सैतानाचा बागुलबुवा आणि बंगळुरूचे काळे सदरे

बंगळुरूच्या तरुणांत गेली तीन-साडेतीन दशके रुजलेल्या हेवी मेटल, गॉथ आणि तत्सम ‘काळ्या’ संगीताविषयी आपल्या डाव्या वर्तुळांत दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, हा साम्राज्यवादी संस्कृतीने आपल्या दारात आणून टाकलेला कचरा आहे. कवट्या, थडगी, सैतान आणि कानठळ्या बसवणारा गोंगाट यांच्या नशेत तरुणांना गुंगवून वर्गसंघर्षापासून दूर नेण्याचा तो डाव आहे. दुसरे मत त्याहून सोयीचे: हा सुखवस्तू घरांतल्या पोरांचा खेळ आहे, त्याच्याशी कामगार चळवळीला काय कर्तव्य? दोन्ही मते सारखीच आळशी आहेत. वस्तुस्थिती तपासण्याचा त्रास न घेता निकाल देणे ही आपली रीत नव्हे, म्हणून हा प्रपंच.

प्रथम या संगीताचे जन्मस्थान पाहू. ते हॉलिवूड नव्हे की न्यूयॉर्कचा शेअरबाजारही नव्हे. ते आहे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. १९६८ साली तेथील अॅस्टन या कामगार वस्तीतील चार तरुणांनी जो वाद्यवृंद उभारला, तोच पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली. त्याचा गायक ऑझी ऑस्बोर्न कत्तलखान्यात काम केलेला. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना, कारखान्यातील नोकरीच्या अखेरच्या दिवशी, यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. मालकाच्या यंत्राने हिरावलेली बोटे त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून, तिच्या टोपणांवर कातडे चढवून परत मिळवली. ताठ तारांनी त्या बोटांना इजा होई, म्हणून त्याने हलक्या तारा शोधल्या आणि पुढे त्या सैल करून खालच्या स्वरात लावल्या. आज ज्या जड, घुमणाऱ्या नादाला जग ‘मेटल’ म्हणून ओळखते, त्याच्या मुळाशी अशा रीतीने एक औद्योगिक अपघात आहे. ज्यांना यात केवळ सैतानाचा हात दिसतो, त्यांनी निदान तो हात कोणत्या यंत्रात सापडला होता, एवढे तरी विचारावे.

याच मंडळींनी १९७० सालच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात ‘वॉर पिग्ज’ हे युद्धखोर सेनापतींवरचे गीत दिले. मुद्रिकेलाही तेच नाव द्यायचे होते. कंपनीने ते बदलायला लावले. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत गिरण्या-कारखान्यांना टाळी लागत असताना, मँचेस्टर, लीड्स, नॉर्दॅम्प्टन अशा ठिकाणांहून ‘जॉय डिव्हिजन’, ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’, ‘बाऊहाऊस’ यांचे उदास, थंड संगीत निघाले. तेच पुढे गॉथ म्हणून ओळखले गेले. थॅचरबाईंच्या राज्यात ज्या पिढीला ‘तुमची गरज नाही’ असे सांगण्यात आले, तिने काळे कपडे घालून शोक केला, यात नवल ते काय? हा शोक क्रांतिकारक होता असा आमचा दावा नाही. पण तो खरा होता. रेडिओवरून अहोरात्र वाजणाऱ्या गुळगुळीत प्रेमगीतांत तेवढाही खरेपणा नसतो.

आता ‘साम्राज्यवादी कचरा’ हे मत जेथून आले, त्या जागेकडेही डोळे उघडून पाहिले पाहिजे. जानेवारी १९८५ मध्ये सोव्हिएत युक्रेनमधील निकोलायेव येथील कोम्सोमोलच्या प्रादेशिक समितीने परदेशी वाद्यवृंदांची एक यादी काढली. ३८ नावे, आणि प्रत्येकापुढे त्याचा वैचारिक गुन्हा. ‘ब्लॅक सॅबथ’पुढे हिंसा आणि धार्मिक अंधश्रद्धा असा शेरा होता; ‘जुडास प्रीस्ट’, ‘आयर्न मेडन’ हेही यादीत होतेच. त्याच वर्षी, १९ सप्टेंबर रोजी, वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. तेथील बड्या राजकारण्यांच्या पत्नींनी चालवलेल्या संघटनेने पंधरा आक्षेपार्ह गीतांची यादी तयार केली होती. तीतही ‘ब्लॅक सॅबथ’ आणि ‘जुडास प्रीस्ट’ होते. ज्या गाण्यांना निकोलायेवच्या समितीने भांडवलशाहीचे हत्यार ठरवले, त्यांनाच भांडवलशाहीच्या राजधानीत कुटुंबव्यवस्थेचे शत्रू म्हणून उभे केले होते! रेगन यांच्या अमेरिकेतील नीतिरक्षकांशी आपली यादी जुळते आहे, हे पाहून तरी एखाद्या मार्क्सवाद्याला थबकावेसे वाटायला हवे होते. कोणी थबकले नाही. परिणाम काय झाला? तरुण ते संगीत ऐकतच राहिले, फक्त कोम्सोमोलला लपवून. आणि सप्टेंबर १९९१ मध्ये मॉस्कोच्या तुशिनो विमानतळावर ‘मेटॅलिका’ वाजवायला उभी राहिली, तेव्हा समोर लाखोंचा जमाव होता. ज्या तरुणांची भाषा समजून घ्यायला आपल्या संघटनेला वेळ नव्हता, त्यांना बाजाराने विनासायास उचलले. हा धडा महागडा होता. तो बंगळुरूत पुन्हा गिरवण्याचे कारण नाही.

नीतिरक्षकांची जात सर्वत्र सारखीच. १९९७ साली इजिप्तमध्ये सुमारे शंभर तरुणांना सैतानपूजेच्या आरोपाखाली पकडले. पुरावा म्हणजे काळे सदरे आणि ध्वनिफिती. २००३ साली मोरोक्कोत चौदा मेटलवाल्यांना शिक्षा झाल्या. आपल्याकडे मुंबई राज्याच्या काँग्रेस सरकारने स्वातंत्र्यानंतर तमाशावर अश्लीलतेचा शिक्का मारून बंदी घातली, लाल बावटा कलापथकाचे कार्यक्रम रोखले, आणि मर्ढेकरांना त्यांच्या कवितेबद्दल न्यायालयात खेचले, हे मराठी वाचकाला का सांगावे लागावे? अंधार, किळस, मृत्यू हे विषय आपल्या परंपरेला परके आहेत असे म्हणणाऱ्याने अंगावर आसूड ओढणारा पोतराज पाहिलेला नाही आणि ढसाळांचा ‘गोलपिठा’ही वाचलेला नाही.

आता बंगळुरू. हे शहर मेटलचे भारतातील प्रमुख केंद्र बनले ते उगीच नव्हे. हिंदुस्थान एरॉनॉटिक्स, आयटीआय, एचएमटी, भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी येथे कुशल, शिकलेला कामगारवर्ग निर्माण केला. याच कामगारांनी १९८०-८१ मध्ये सत्त्याहत्तर दिवसांचा सार्वजनिक क्षेत्राचा ऐतिहासिक संप लढवला. त्यानंतरच्या दशकात, ऐंशीच्या अखेरीस, या शहरात ‘मिलेनियम’ हा देशातील अगदी आरंभीच्या मेटल वाद्यवृंदांपैकी एक उभा राहिला. १९९८ साली ‘क्रिप्टॉस’ निघाला. तो २०१३ साली जर्मनीतील वाकेनच्या महोत्सवात वाजवून आला आणि आजही नव्या ध्वनिमुद्रिका काढतो आहे. १७ मार्च २००७ रोजी पॅलेस ग्राउंड्सवर ‘आयर्न मेडन’चा कार्यक्रम झाला, तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यातून, ईशान्येच्या राज्यांतून दोन-दोन दिवस आगगाडीने प्रवास करून तरुण आले. २०१२ पासून ‘बंगलोर ओपन एअर’ हा मेटलचा महोत्सव सुरू झाला. त्याच २०१२ च्या ऑगस्टमध्ये अफवांच्या भीतीने ईशान्येतील हजारो तरुण-तरुणींनी गुवाहाटीच्या गाड्या भरभरून हे शहर सोडले होते. त्यांना ‘परके’ ठरवू पाहणाऱ्या या शहरात जात, भाषा, प्रांत न विचारता त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्या ज्या थोड्या जागा होत्या, त्यांत या संगीताचे मैदान होते. त्या मैदानात, रिंगणातल्या धक्काबुक्कीत कोणी पडला की आजूबाजूचे चार जण नाच थांबवून त्याला उचलतात. हा तेथला अलिखित नियम आहे. ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर क्रिकेटच्या विजयोत्सवात अकरा जण चेंगरून मेले. त्या गर्दीचे नियोजन मात्र प्रतिष्ठितांचे होते.

हे तरुण सुखवस्तू घरांतले, असे म्हणणाऱ्यांनी त्यांच्या दिवसाचा हिशेब मांडावा. यांतील बहुतेक वादक दिवसा नोकरी करतात, आणि या शहरात नोकरी म्हणजे पुष्कळदा माहिती तंत्रज्ञानाची कंपनी. कर्नाटक सरकारने या उद्योगाला १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्यातून सूट दिली. ती २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये पुन्हा पुन्हा वाढवली. जुलै २०२४ मध्ये कामाचा दिवस चौदा तासांपर्यंत नेण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने, केआयटीयूने, त्याला रस्त्यावर उतरून विरोध केला. पडद्यासमोर दिवसाचे बारा तास काढणाऱ्या, सकाळी प्रवेशपत्र चालेल की नाही याची खात्री नसलेल्या माणसाने रात्री ऐकायचे तरी काय? ‘सब ठीक है’ सांगणारी जाहिरातीतली धून? परात्मतेवर व्याख्याने देणाऱ्या आपल्या कॉम्रेडांना ती प्रत्यक्ष कानी पडली की मात्र गोंगाट वाटते, ही गंमतच आहे.

याचा अर्थ या संगीतातील सर्व काही डोक्यावर घ्यावे असा नाही. नॉर्वेत १९९२-९३ मध्ये ‘ब्लॅक मेटल’च्या नावाने चर्चे जाळली गेली, खून झाला, आणि त्या प्रवाहाच्या एका टोकाला उघड नाझी विचारांची पिलावळ पैदा झाली. तिच्याशी कसलीही तडजोड संभवत नाही. पण तिला उत्तर देणारेही याच संगीतात आहेत: बर्मिंगहॅमच्या परिसरातूनच निघालेले ‘नेपाम डेथ’ दशकानुदशके फॅसिझमविरोधी भूमिका घेऊन उभे आहेत, आणि ब्राझीलमध्ये लष्करी हुकूमशाहीच्या अखेरच्या दिवसांत, १९८४ साली, जन्मलेल्या ‘सेपल्तुरा’ने १९९६ साली निघालेल्या ध्वनिमुद्रिकेसाठी शावान्ते आदिवासींबरोबर ध्वनिमुद्रण केले. संगीताच्या आतही संघर्ष चालू आहे. आपण बाहेर उभे राहून नाक मुरडत बसलो, तर तो कोणाच्या बाजूने झुकेल?

खरा शत्रू वेगळाच आहे, आणि तो कवटीचे चित्र लावून हिंडत नाही. तो भाडे घेतो, परवाना देतो किंवा नाकारतो, आणि दर गाण्यामागे दमडी मोजतो. पॅलेस ग्राउंड्स पाहा. म्हैसूरच्या राजघराण्याच्या दाव्याखालील या ४७२ एकरांचे संपादन करण्याचा कायदा राज्याने १९९६ साली केला. तेव्हापासून प्रकरण न्यायालयांत रखडले. दरम्यान लग्ने, प्रदर्शने आणि महागडे कार्यक्रम यांचे भाडे वसूल होत राहिले. संस्थाने खालसा झाली म्हणतात, पण शहराच्या मधोमध गिटार वाजवायची तर राजवाड्याच्याच अंगणात! बड्या कार्यक्रमांचा कारभार कसा चालतो, तेही २०११ च्या ऑक्टोबरात दिसले. २८ तारखेला गुरगावमध्ये ‘मेटॅलिका’चा कार्यक्रम, हजारो लोक तिकिटे काढून उभे असताना, आधी पुढे ढकलला आणि मग रद्द केला, जमाव खवळला, मंचाची मोडतोड झाली, आयोजकांपैकी काहींना अटक झाली. दोनच दिवसांनी बंगळुरूच्या श्रोत्यांनी तोच कार्यक्रम शांततेत पार पाडला. वृत्तपत्रांनी दोष ‘बेफाम मेटलवाल्यांना’ दिला. पैसे घेऊन कुंपणेही धड न उभारणाऱ्यांच्या मानसशास्त्राचा अभ्यास कोणी केला नाही.

छोट्या जागांची कथा याहून वाईट. बंगळुरूच्या पोलीस आयुक्तांनी २००५ साली सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी परवान्याचा आदेश काढला. रोख होता बारमधल्या ‘लाइव्ह बँड’वर, म्हणजे तेथे पोटासाठी नाचणाऱ्या स्त्रियांवर. त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न सोडवण्याऐवजी त्यांना घालवण्याचा हा मार्ग होता, आणि आपल्या प्रतिष्ठित मध्यमवर्गाने तेव्हा टाळ्या वाजवल्या. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश वैध ठरवला, आणि त्याच वर्षी पोलिसांनी परवान्याविना वाद्ये वाजवणारी उपाहारगृहे व पब बंद करण्याचा सपाटा लावला. नाचणारीवर उगारलेली काठी गिटारवाल्याच्या पाठीत बसली. कागदपत्रांची ती जंत्री पुरी करणे पंचतारांकित हॉटेलाला जमते. पन्नास माणसांच्या खोलीत नवा बँड उभा करणाऱ्याला जमत नाही.

उरला इंटरनेटवरचा बाजार. स्पॉटिफायने २०२४ पासून वर्षाला हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या जाणाऱ्या गाण्याला एक पैसाही न देण्याचा नियम केला. याच कंपनीच्या संस्थापकाच्या गुंतवणूक संस्थेने जून २०२५ मध्ये हेल्सिंग या युद्धसामग्री बनवणाऱ्या कंपनीत साठ कोटी युरो गुंतवण्यात पुढाकार घेतला. निषेध म्हणून काही वाद्यवृंदांनी आपली गाणी तेथून काढून घेतली. पंचावन्न वर्षांपूर्वी ‘वॉर पिग्ज’ लिहिणाऱ्यांचे गीत आज ज्या दुकानात विकले जाते, त्याचा नफा कोठे जातो हे आपल्या सांस्कृतिक आघाडीने तरुणांना सांगायला हवे. त्यासाठी आधी त्यांच्याशी बोलणे सुरू असावे लागते.

बोलण्यासारखे आहे पुष्कळ. १९९६ पासून बंगळुरूच्या संगीतकारांनी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘फ्रीडम जॅम’ हा विनामूल्य कार्यक्रम चालवला, कोणा राजकीय पक्षाच्या मदतीवाचून. कब्बन पार्कमध्ये इंग्रजांच्या लष्करी बँडसाठी बांधलेला वाद्यमंच अजून उभा आहे. नगरपालिकेच्या मालकीची सभागृहे आणि मैदाने नाममात्र भाड्याने मिळावीत, छोट्या जागांसाठी परवाना एका खिडकीतून मिळावा, ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या आणि मंच उभारणाऱ्या कंत्राटी कामगारांना किमान वेतन व विमा लागू व्हावा, या मागण्या घेऊन त्या तरुणांच्या बैठकीला जाण्यासाठी कोणालाही काळा सदरा शिवून घ्यावा लागणार नाही. बैठक मात्र रविवारी ठेवावी लागेल. इतर दिवशी ते रात्री दहापूर्वी कामावरून सुटत नाहीत.