झेंडावंदनानंतरची दहा मिनिटं

आपल्या उपनगरांतल्या बहुतेक सोसायट्यांत राष्ट्रीय सण अर्ध्या तासात आटोपतो. सकाळी आवारात खुर्च्या लागतात, एखादे ज्येष्ठ सभासद दोरी ओढतात, राष्ट्रगीत होतं, मुलांना चॉकलेटं आणि मोठ्यांना वडा-चहा मिळतो. यात वाईट काही नाही. एरवी लिफ्टमध्येच भेटणारे शेजारी त्या निमित्तानं एकत्र येतात, हेही थोडकं नाही. पण रांगेत उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलाला विचारून पाहा, हा दिवस कशाचा? तो म्हणेल, ‘देश स्वतंत्र झाला.’ त्यासाठी कुणी काय सोसलं, आपल्या भागात तेव्हा काय चाललं होतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून एक विनंती करतो. झेंडा फडकल्यावर, वडे वाटण्याआधी, दहा मिनिटं काढा आणि आपल्या परिसराशी नातं असलेली एक खरी गोष्ट मुलांना सांगा.

गोष्ट सांगितली नाही की काय होतं, ते बोरिवली पश्चिमेच्या एक्सर गावात पाहायला मिळतं. तिथे वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणासाठी उभ्या केलेल्या कोरीव शिळा. त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे आणि वरच्या टप्प्यांत अप्सरा वीराला स्वर्गात नेताना दिसतात. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात तेराव्या शतकात झालेलं हे युद्ध असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. गावानं या शिळांना देव मानून पूजलं. त्या श्रद्धेचे आपल्यावर उपकारच आहेत. मात्र ते वीर कोण होते, त्यांची घरं कुठे होती, मागे कोण राहिलं, हे आज कुणालाच सांगता येत नाही. पूजा टिकली, माणसं विसरली गेली. आपल्या झेंडावंदनाचं तसं होऊ द्यायचं नसेल, तर विधीबरोबर गोष्टही पुढच्या पिढीच्या हाती द्यावी लागेल.

१५ ऑगस्टला सांगण्यासारखी गोष्ट विलेपार्ल्याची आहे. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मिठाचा कायदा मोडला आणि त्याच दिवसांत पार्ल्यात सत्याग्रहींची छावणी उभी राहिली. जमनालाल बजाज तिचे प्रमुख होते. त्यांना अटक झाली, शिक्षा झाली, तरी छावणीचं काम चालू राहिलं. मुलांना हे समजावून सांगायला साधनही हाताशी आहे. पूर्व द्रुतगती मार्गावरून जाताना मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची मिठागरं दिसतात, ती त्यांना दाखवा. समुद्राचं पाणी, ऊन आणि मजुराचे कष्ट एवढ्यावर पिकणारं मीठ, त्यावरही इंग्रज सरकारचा कर होता, आणि गरिबातल्या गरिबालाही मीठ घेतल्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणून तर मूठभर मीठ उचलणं हा गुन्हा ठरला. एवढं कळलं तरी स्वातंत्र्य हा शब्द मुलाच्या ताटापर्यंत येतो.

२६ जानेवारीला संविधानाची उद्देशिका मोठ्यानं वाचा, मराठीत आणि सोसायटीत जितक्या भाषा बोलल्या जातात तितक्यांत. तीच तारीख का निवडली, हेही सांगा. १९३० साली २६ जानेवारीला देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती. १९५० साली संविधान अंमलात आणण्यासाठी म्हणूनच तो दिवस ठरला.

१ मे या दिवसाबद्दल घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीकरांशी थोडं अधिक बोलायचं आहे, कारण तुमच्या इमारतींत मराठी आणि गुजराती घरं दाराला दार लावून आहेत. १९६० साली या दिवशी महाराष्ट्र झाला, तसाच गुजरातही झाला. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला झालेला गोळीबार विसरता येणार नाही. तिकडे महागुजरात चळवळीतही ऑगस्ट १९५६ मध्ये अहमदाबादेत गोळीबार झाला आणि तरुण मुलं गेली. द्वैभाषिक राज्य दोघांनाही नको होतं. आपल्या हुतात्म्यांचं नाव ताठ मानेनं घ्या आणि शेजारच्या काकांना त्यांच्याकडची आठवण सांगायला बोलवा. आपला अभिमान त्यानं कमी होत नाही, शेजार मात्र पक्का होतो.

सणांनाही हाच न्याय लावा. १८९३ साली गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत गणपती बसला, तो चार भिंतींतल्या पूजेपलीकडे लोकांनी एकत्र यावं, विचार ऐकावेत म्हणून. व्याख्यानं, मेळे, पोवाडे हे त्या उत्सवाचं अंग होतं. पार्ल्यात १९२३ साली सुरू झालेल्या लोकमान्य सेवा संघानं टिळकांच्या नावाला साजेसं काम वर्षभर चालणाऱ्या उपक्रमांतून उभं केलं. तुमच्या मंडळानं दहा दिवसांतली एक संध्याकाळ ध्वनिवर्धकाच्या भिंती बंद ठेवून एका चांगल्या वक्त्याला दिली, तर उत्सवाचं काहीही उणं होणार नाही. शेजारच्या आजारी माणसालाही बरं वाटेल.

आणि आता त्या तारखेबद्दल, जी आपल्या कार्यक्रमपत्रिकेत नसते. ११ जुलै. १९९७ साली या दिवशी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतापून रस्त्यावर आलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीनं गोळीबार केला आणि दहा जणांचा जीव गेला. २००६ साली याच तारखेला संध्याकाळी सहा चोवीसनंतर पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. जोगेश्वरी आणि बोरिवलीही त्यांत होती. कामावरून घरी निघालेली १८० हून अधिक माणसं घरी पोचली नाहीत. रुळांकाठच्या वस्त्यांतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि जखमींना त्यांतून उचलून नेलं. ते कुणाची जात, कुणाचा धर्म विचारत बसले नाहीत.

रमाबाई नगरातली माणसं दरवर्षी आपल्या मृतांना अभिवादन करतात. ते दुःख त्यांच्या एकट्याचं का असावं? या ११ जुलैला संध्याकाळी आपल्या आवारात पाच मिनिटं उभे राहा. दोन्ही घटना सांगा. रमाबाई नगरचा उल्लेख अवघड वाटतो म्हणून गाळू नका. कुणाचे अश्रू आठवायचे याची निवड करू लागलो, तर त्या स्मरणाला अर्थ उरत नाही.

हे करायला पैसा लागत नाही. ज्यानं प्रसंग स्वतः पाहिला, त्याला आधी बोलू द्या; त्या संध्याकाळी लोकलमध्ये असलेलं कुणीतरी तुमच्याच मजल्यावर राहत असेल. भाषण नको, गोष्ट सांगा. ऐकीव आकडे फेकू नका, माहिती पडताळून घ्या. सांगितलेलं पानभर लिहून सोसायटीच्या दप्तरात ठेवा. हे शेवटचं काम तातडीचं आहे. उपनगरांत पुनर्विकास जोरात आहे. जुनी इमारत पडते, बिऱ्हाडं पांगतात आणि चाळीस वर्षांच्या आठवणी वेगवेगळ्या पिनकोडांवर निघून जातात. इमारत पुन्हा बांधता येते, सांगणारा माणूस पुन्हा मिळत नाही.

तेव्हा पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा एक विषय घ्या: येत्या राष्ट्रीय सणाला गोष्ट कोण सांगणार? नाव ठरवा आणि सूचनाफलकावर लावा. कुणीच पुढे आलं नाही, तर पहिल्या वर्षी तुम्ही सांगा.