पिंक फ्लॉइड : सुरुवात कुठून करावी?

'पिंक फ्लॉइड ऐकायचा आहे, सुरुवात कुठून करू?' असा प्रश्न एखाद्या नवख्या श्रोत्याने चार चाहत्यांमध्ये विचारला, की पहिले उत्तर पुरते होण्याआधी दुसरे येते आणि थोड्याच वेळात विचारणारा बाजूला राहून चाहत्यांचीच आपसांत जुंपते. वरवर पाहता हा हौशी मंडळींचा वाद आहे. पण साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या लोकांनी तो जरा कान देऊन ऐकावा असे मला वाटते. एखाद्या कवीचा कोणता संग्रह आधी वाचायला द्यावा, पहिल्या सत्रात काय लावावे, हे ठरवताना आपणही तेच करीत असतो. चाहते आपला आग्रह लपवीत नाहीत, एवढाच फरक. कोणती कृती आधी ठेवायची हा निर्णय म्हणजे त्या साऱ्या निर्मितीचा आपण लावलेला अर्थच असतो, आणि तो आपण नवख्याच्या हाती त्याच्या नकळत देऊन टाकतो.

पिंक फ्लॉइडच्या बाबतीत हा प्रश्न विशेष अवघड आहे. १९६५ साली लंडनमध्ये जमलेल्या या बँडचा पहिला अल्बम १९६७चा आणि शेवटचा २०१४चा. मधल्या काळात पंधरा स्टुडिओ अल्बम झाले, आणि सूत्रे आधी सिड बॅरेट, मग हळूहळू रॉजर वॉटर्स आणि त्यानंतर डेव्हिड गिल्मर अशा तिघांच्या हाती गेली. एकाच नावाखाली निदान तीन वेगवेगळे बँड नांदून गेले आहेत. १९६७ची खेळकर, परीकथांच्या वळणाची गाणी आणि १९७९च्या 'द वॉल'मधला आत्मकोंडीचा आक्रोश एकाच बँडचा आहे, हे आधी ठाऊक नसेल तर कोणाला सांगूनही पटणार नाही.

सर्वाधिक मते अर्थातच 'द डार्क साइड ऑफ द मून' या १९७३च्या अल्बमला पडतात. त्यात नवल नाही. अमेरिकेतील बिलबोर्डच्या यादीत १९७३ ते १९८८ या काळात तो ७४१ आठवडे होता. रॉजर वॉटर्सने २००७ साली मुंबईत येऊन तो अथपासून इतिपर्यंत सादर केला, तेव्हा तेथील श्रोत्यांनाही त्याची ओळख करून द्यावी लागली नाही. काळ, पैसा, मृत्यू, वेड हे त्याचे विषय सर्वांचे आहेत, ध्वनिमुद्रण आजही ताजे वाटते आणि गाणी एकमेकांत अशी ओवली आहेत की मध्येच उठावेसे वाटत नाही. हे सारे मला मान्य आहे. माझी हरकत नेमकी त्याच्या या पूर्णतेलाच आहे. हा अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि हृदयाच्या ठोक्यांनीच संपतो. वर्तुळ मिटते. ऐकणाऱ्याला तृप्ती लाभते, पण कुठे जायचे राहून गेले आहे असे वाटत नाही. 'डार्क साइड' आवडल्यावर दहा-वीस वर्षे केवळ तोच ऐकत राहिलेले कितीतरी लोक मला माहीत आहेत. त्यांचे काही बिघडले आहे असे नाही. मात्र पिंक फ्लॉइड त्यांच्यासाठी सुरू झाला त्याच दिवशी संपलाही. घरात शिरण्यासाठी जी खोली दाखवली, तिला आत जाणारे दुसरे दारच नव्हते.

दुसरा पक्ष सोयीवाल्यांचा. २००१ साली 'एकोज' या नावाने निवडक गाण्यांचा दोन सीडींचा संच निघाला. तो द्यावा, त्यात सगळे थोडे थोडे येते, असे हे लोक म्हणतात. त्या संचात कालक्रम मोडला आहे आणि लांब रचना कापल्या आहेत. ज्या रचनेवरून संचाला नाव दिले, ती मूळची सुमारे तेवीस मिनिटांची 'एकोज'सुद्धा तिथे पूर्ण नाही. 'निवडक अमुक' हा ग्रंथप्रकार आपल्याकडे परीक्षेच्या सोयीने बोकाळला आणि त्यातून किती वाचक मूळ संग्रहांकडे वळले, हे प्रत्येक अध्यापकाला ठाऊक आहे. खुद्द बँडलाही हा प्रश्न एके काळी जिव्हाळ्याचा वाटत होता. आपल्या अल्बमांतील गाणी सुटी करून इंटरनेटवर विकू नयेत, कारण करारानुसार अल्बमची अखंडता राखणे बंधनकारक आहे, असे म्हणत त्यांनी ईएमआय या आपल्याच कंपनीला लंडनच्या उच्च न्यायालयात खेचले आणि मार्च २०१०मध्ये निकाल बँडच्या बाजूने लागला. पुढे वर्षभराच्या आतच, २०११च्या जानेवारीत, नवा करार झाला आणि गाणी सुटी विकायला मोकळी झाली. तत्त्व जिंकले आणि मग व्यवहार जिंकला.

तिसरा पक्ष कालक्रमवाद्यांचा, आणि तो आपल्या अध्यापकी पिंडाला सर्वांत जवळचा. पहिल्यापासून सुरुवात करावी: १९६७चा 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन', मग १९६८चा 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स', आणि असे पुढे. या मार्गाने उत्क्रांती समजते, यात शंका नाही. शिवाय 'पायपर' हा साहित्याच्या माणसाला सहज भुरळ घालणारा अल्बम आहे. त्याचे नाव केनेथ ग्रॅहमच्या 'द विंड इन द विलोज'मधल्या एका प्रकरणाचे आहे, 'चॅप्टर २४' हे गाणे 'ई चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथावर उभे आहे, आणि आईने गोष्ट अर्ध्यावर सोडल्यावर मुलाला होणारी तळमळ 'मटिल्डा मदर'मध्ये आहे. (असाच मोह ऑर्वेलमुळे 'ॲनिमल्स'बद्दल होतो. पुस्तकी धागा सापडला की आपल्याला संगीत समजल्यासारखे वाटते. हा आपला धंदेवाईक दोष आहे.) पण कालक्रम हा निर्मात्याचा क्रम असतो. रसिकाच्या आयुष्यात गोष्टी त्या क्रमाने येत नाहीत. आपल्यापैकी कोण ज्ञानेश्वरीपासून सुरुवात करून मराठी साहित्यात शिरले? कुठलेतरी मधलेच पुस्तक हाती लागले, त्यात पूर्वीच्या कुणाचा तरी सूर ऐकू आला आणि मग आपण मागे गेलो. मागे जाण्याची गरज भासावी लागते. ती केवळ अनुक्रमणिकेने निर्माण होत नाही.

म्हणून माझे मत १९७५च्या 'विश यू वेअर हिअर'ला. चव्वेचाळीस मिनिटांच्या आसपासचा हा अल्बम आहे आणि त्याचा विषय अनुपस्थिती हा आहे. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' ही नऊ भागांची रचना दुभंगून अल्बमच्या दोन टोकांना ठेवली आहे आणि मध्ये तीन गाणी आहेत. आरंभी कुणी गात नाही. रिचर्ड राइटच्या कीबोर्डचे धुके पसरते, त्यातून गिल्मरच्या गिटारवर चार सुरांचा एक तुकडा उमटतो, आणि मानवी कंठ ऐकू येतो तो साडेआठ मिनिटे उलटून गेल्यावर. तोवर ऐकणारा वाट पाहायला शिकलेला असतो. मधल्या 'हॅव अ सिगार' या गाण्यात तर आवाजही बँडच्या कुणाचा नाही, तो रॉय हार्परचा आहे. त्यातला कंपनीचा गुळगुळीत बोलणारा माणूस तुमच्यापैकी पिंक कोण, असे विचारतो. (पिंक नावाचा कुणी त्या बँडमध्ये कधीच नव्हता, नाव पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन ब्लूज गायकांवरून घेतलेले. २०२४ साली बँडच्या ध्वनिमुद्रणांबरोबर त्याच्या नावाचे हक्कही सोनी कंपनीने विकत घेतले, तेव्हा त्या माणसाच्या प्रश्नाला व्यापारी उत्तर मिळाले म्हणायचे.) गाणे संपता संपता त्याचा आवाज आकसून जुन्या रेडिओतून आल्यासारखा होतो, कुणीतरी स्टेशन बदलते, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा एक ओझरता तुकडा ऐकू येतो, आणि मग दूरवरून आल्यासारखी गिटार सुरू होते. तिला साथ द्यायला दुसरी गिटार जणू आपल्याच खोलीत बसून वाजू लागते. इथे नसलेल्या माणसाशी संवाद करायचा म्हणजे काय, हे शब्द येण्याआधीच ऐकवले गेले आहे.

आणि माझा खरा मुद्दा शेवटच्या काही सेकंदांत आहे. नवव्या भागात सगळे विरत चाललेले असताना राइट आपल्या सिंथेसायझरवर एक छोटी चाल वाजवतो. ती 'सी एमिली प्ले' या १९६७च्या गाण्याची आहे. ते बॅरेटने लिहिलेले आणि गायलेले, जेमतेम तीन मिनिटांचे गाणे ब्रिटनमध्ये सुटी तबकडी म्हणून निघाले होते. तिथल्या 'पायपर'मध्ये ते नाही, १९७१च्या 'रेलिक्स' या संकलनात मिळते. पुढे काय ऐकावे हे अल्बमनेच सांगून ठेवले आहे. आपण चाहते भांडतो आहोत त्या प्रश्नाचे उत्तर बँडने पन्नास वर्षांपूर्वी स्वतःच्या सुरांत देऊन ठेवले, तेही इतक्या हलक्या हाताने की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते कळूही नये.

ते कळू नये, हीच माझी शिफारस आहे. बहुतेक चाहते हा अल्बम देताना आधी कथा सांगतात: बॅरेट हा बँडचा मूळ प्राण, मादक द्रव्ये आणि मानसिक आजार यांत तो हरवला, १९६८ साली त्याला बँड सोडावा लागला, आणि या अल्बमचे काम चालू असताना, ५ जून १९७५ रोजी, डोके आणि भुवया भादरलेला एक स्थूल माणूस स्टुडिओत येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या जुन्या सोबत्यांनीही त्याला ओळखले नाही. कथा खरी आहे आणि काळीज हलवणारी आहे. पण ती आधी सांगितली की श्रोता संगीत ऐकतच नाही, तो पुरावे गोळा करू लागतो. हे शोकगीत मूळ माणूस ठाऊक नसतानाही काम करते, आणि तसे ऐकल्यावर प्रत्येकाला आपापला गेलेला माणूस आठवतो. ही शक्यता प्रस्तावना जोडून आपण का मारावी?

याहून गंभीर आक्षेप कालक्रमवाद्यांकडे आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. ते म्हणतात, शोकगीतापासून सुरुवात केली की बॅरेट आधी दंतकथा म्हणून भेटतो आणि माणूस म्हणून नंतर. मग 'पायपर' ऐकताना श्रोता त्यातल्या प्रत्येक विक्षिप्त वळणात येऊ घातलेल्या वेडाची चाहूल शोधतो. एकवीस वर्षांच्या, पुऱ्या भरात असलेल्या कलावंताने आनंदाने केलेली ती निर्मिती रोगाचे लक्षण होऊन बसते. आपल्याकडे बालकवींचे हेच झाले. १९१८ साली रेल्वेखाली झालेला त्यांचा अकाली मृत्यू इतक्यांदा कवितेच्या आधी सांगितला गेला, की त्यांच्या निर्झराच्या खळखळाटातही लोकांना उदासीचे पूर्वसूचन ऐकू येऊ लागले. बॅरेटवर तर दुहेरी अन्याय झाला. तो पुढे केंब्रिजला परतला, चित्रे काढीत आणि बाग करीत राहिला आणि २००६ साली साठाव्या वर्षी वारला. पण चाहत्यांच्या लेखी तो १९६८ सालीच संपला होता, कारण शोकगीताला तेच सोयीचे होते.

हा आक्षेप मला बरोबर वाटतो. पण त्याचा रोख अल्बमवर नसून आधी सांगितलेल्या कथेवर आहे. कथा न सांगता 'विश यू वेअर हिअर' दिला, तर श्रोत्याच्या कानात ती शेवटची छोटी चाल अनामिकच राहते. दोन-चार महिन्यांनी, त्याला आणखी काही हवेसे वाटले की 'सी एमिली प्ले' द्यावे, याही वेळी काही न बोलता. ऐकता ऐकता तो थबकेल: ही चाल आपण आधी कुठे ऐकली? प्रतिध्वनी आधी आणि मूळ हाक नंतर, अशा उलट्या क्रमाने त्याला ओळख पटेल, आणि ती त्याची स्वतःची असेल. मुख्य म्हणजे तेव्हा त्याच्या कानांपुढे एक टवटवीत, थोडे खट्याळ, उन्हाळी गाणे असेल. त्यात वेड शोधावे असे त्याला कुणी सांगितलेले नसेल. तिथून 'पायपर'कडे तो आपण होऊन जाईल आणि त्यातल्या बुटक्यांकडे, बुजगावण्याकडे आणि शेवटच्या सायकलीकडे त्यांच्याच नजरेने पाहील. कथा मग त्याने कुठेही वाचावी. तोवर त्याच्या कानांनी स्वतःचा निवाडा केलेला असेल.

पुढचा रस्ता फारसा वादाचा नाही. 'पायपर'नंतर १९७१चा 'मेडल', त्यातही दुसरी बाजू आधी. तिथे 'एकोज' पूर्ण ऐकता येते, आणि बॅरेट गेल्यावर उरलेल्या चौघांना आपला एकत्र आवाज कुठे सापडला तेही कळते. 'ॲनिमल्स' आणि 'द वॉल' ज्याला वॉटर्सचा कडवटपणा मानवतो त्याने लगेच ऐकावेत, इतरांनी थांबून. १९८७नंतरच्या अल्बमांची घाई नाही. 'उमागुमा' हा १९६९चा अल्बम नवख्याला पहिल्यांदा द्यायला सांगणारा चाहता थट्टा करतो आहे असे खुशाल समजावे. 'डार्क साइड'ची शिफारस मी करणारच नाही. तो ज्याच्या कानावर कुणी ना कुणी घातलेला नाही, असा नवखा मला अजून भेटायचा आहे.